फायबरग्लासच्या होडीचा शेवटचा थर

दाभोळच्या खाडीकाठीं आमचें जुनें घर आहे आणि घराइतकीच घरांतील होडीची परंपराहि जुनी आहे. आजोबांच्या वेळीं ती लाकडी होती. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं तिला माशाचें तेल चोळीत, आणि त्याचा वास जाईपर्यंत आजी अंगणाच्या त्या बाजूस फिरकत नसे. २०११ सालीं ती होडी जाऊन बारा फुटी फायबरग्लासची आली. “हिला कांहीं करावें लागत नाहीं,” असें विकणारानें सांगितलें व आम्हीं तें आनंदानें ऐकलें. दहा उन्हाळे गेल्यावर मात्र तिच्या अंगाचा पांढरा रंग खडूसारखा हाताला लागूं लागला आणि पुढच्या नाळेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उमटल्या. तेव्हां २०२२ च्या मे महिन्यांत, सुटीसाठीं जमलेल्या मंडळींच्या भरवशावर, हें काम घरच्या घरीं करावें असें मीं ठरविलें.

तें मला दोनदां करावें लागलें. तें कां, हें सांगावयाचें तर ही होडी जन्माला कशी येते येथपासून आरंभ केला पाहिजे. पॉलिएस्टर रेझिन व कांचतंतु यांची होडी अमेरिकेंतील टोलेडो येथें रे ग्रीन यांनीं १९४२ सालीं केली. त्या सुरवातीच्या होड्यांपैकीं ती एक. हल्लीं सर्रास जी पद्धत आहे तींत होडीच्या आकाराचा सांचा असतो. सांच्याला आंतून मेण चोळून प्रथम जेलकोट फवारतात, आणि तो जरा धरला कीं त्यावर कांचतंतूंची मॅट व रेझिन यांचे थर चढवितात. सर्व कठीण झाल्यावर होडी सांच्यांतून उपटून काढतात. म्हणजे आपणांस जो थर बाहेरून दिसतो तो वास्तविक सर्वांत आधीं घातलेला असतो, आणि त्याची झळाळी ही सांच्याची झळाळी असते. घरीं दुरुस्ती करणारा उलट्या वाटेनें चालतो. पहिला थर तो शेवटीं लावतो, आणि त्याच्यापाशीं सांचा नसतो.

सांचा नुसती झळाळी देत नाहीं, तो हवाहि अडवितो. आणि येथेंच माझी पहिली फसगत झाली. साधा तेलरंग हवेंत वाळतो. जेलकोट हार्डनरच्या योगें रासायनिक क्रियेनें घट्ट होतो, आणि हवेंतील प्राणवायु त्या क्रियेच्या आड येतो. उघड्यावर लावलेला जेलकोट आंतून कठीण झाला तरी वरून चिकटच राहतो. मला हें ठाऊक नव्हतें. तीन दिवस मी बोट लावून पाहत होतों. माझ्या बोटांचे ठसे आणि आंब्याच्या मोहोरावरचे किडे होडीवर जमा होत होते. शेवटीं दुकानांत चौकशी केली तेव्हां कळलें कीं मिश्रणांत मेण घालावें लागतें. स्टायरीनमध्यें विरघळविलेलें हें पॅरफिन मेण थर घट्ट होतांना वर येतें व पातळ पापुद्र्यासारखें पसरून हवा बंद करतें. मग मीं चिकट भाग पुसून काढला आणि मेण घातलेले तीन थर ओळीनें दिले. होडी सुंदर दिसूं लागली. २०२३ च्या मे महिन्यांत ती पालथी केली तों तळहाताएवढे पापुद्रे हातांत आले. मेणावर कांहीं चिकटत नाहीं, ही गोष्ट देवघरांतील मेणबत्ती खरवडणाऱ्या मुलासहि कळते. ती मला वर्षानंतर कळली.

योग्य रीत अशी : पहिले थर मेणाशिवाय द्यावे. त्यांचा चिकटपणा हा येथें दोष नसून गुण आहे, कारण त्याच दिवशीं दिलेला पुढला थर त्याला घट्ट धरतो. मेण फक्त शेवटच्या थरांत. त्यानंतर कांहीं राहिलें असें वाटलें तर मेण द्रावकानें पुसून, कांचकागदानें खरडल्याशिवाय वर एक थेंबहि लावूं नये.

आतां तयारीसंबंधीं. होडी केवळ निस्तेज झाली असेल तर हा उपद्व्याप करूंच नये. बारीक वॉटर पेपर व पॉलिश यांनीं बहुधा काम भागतें. चिरा खोल असतील अथवा थर झिजून खालचे तंतु दिसूं लागले असतील तरच पुढें जावें. फोड आले असतील व ते फोडतांना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी आंत शिरलें आहे असें समजावें. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटवून एक दिवस ठेवावा; आंतून दंव धरलें तर होडी अजून ओली आहे, आणि तिला आठवडेच्या आठवडे वाळूं दिलें पाहिजे. चिरा वरून बुजवून भागत नाहीं. त्या पाचरीच्या आकारानें उघडाव्या व मगच भराव्या. सगळें अंग प्रथम द्रावकानें पुसून नंतर ८० नंबरच्या कागदानें घांसावें. हा क्रम उलटला तर जुनें मेण घांसल्या रेघांत चोपडलें जातें. ही धूळ कांचेची आहे. नाकातोंडावर मुखवटा व डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, आणि ते कपडे घरच्या धुण्यांत टाकूं नयेत. याविषयीं वहिनींनीं मला जें ऐकविलें तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

थर सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असावा. फार जाड झाला तर तो ठिसूळ होऊन तडकतो. एका चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम जेलकोट लागतो. आमच्या होडीच्या बाहेरच्या अंगास सुमारें ७ चौरस मीटर धरून नासधुशीसह पांच किलो लागला. अर्धा किलोस २ टक्के म्हणजे १० ग्रॅम हार्डनर. कोंकणांतील मे महिन्यांत मी दीड टक्का घेतों, परंतु एक टक्क्याच्या खालीं कधींच जात नाहीं. कमी पडलेला जेलकोट महिनाभर थांबलें तरी पिकत नाहीं. दहा-पंधरा मिनिटांत भांड्यांतील माल घट्ट होतो, म्हणून थोडाथोडा कालवावा. काम सावलींत, दंव उडाल्यावर व ऊन चढण्यापूर्वीं उरकावें.

एका गोष्टीवर मात्र मी थांबणार आहें. हार्डनर म्हणजे मेथिल एथिल केटोन पेरॉक्साइड. त्याचा थेंब डोळ्यांत गेला तर दृष्टि जाऊं शकते. तालुक्याच्या गांवीं एका दुकानदारानें मला तो थंड पेयाच्या जुन्या बाटलींत भरून दिला, आणि मीं ती मूर्खासारखी ओटीवर ठेवली. धाकट्या बंधूंचा सहा वर्षांचा मुलगा ती हातांत घेऊन माजघरांत आला व “हें सरबत कोणाचें?” म्हणून विचारूं लागला. बाटलीचें बूच घट्ट होतें. त्या दिवसापासून हार्डनर मूळ डब्यांतच, चिठ्ठीसह, कुलपांत व उष्णतेपासून दूर राहतो. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटें तरी पाण्याची धार धरावी व तडक डॉक्टरांकडे जावें. आपल्याकडे कोबाल्टहि पुष्कळदां निराळा मिळतो. तो व हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊं शकतो. कोबाल्ट प्रथम रेझिनमध्यें पूर्ण ढवळावा, त्यानंतरच हार्डनर.

२०२४ सालीं सर्व पापुद्रे खरवडून पुन्हा तीन थर दिले. कुंचल्यानें लावण्यास एक सकाळ लागली. कुंचल्याच्या रेघा घालविण्यास पांच दिवस. ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून १००० पर्यंत पाण्यानें घांसून मग पॉलिश केलें. काका रोज सायंकाळीं येऊन हात फिरवीत व “अजून खरखरतें” म्हणत. पांचव्या दिवशीं त्यांनीं कांहींच म्हटलें नाहीं. होडी सध्यां माडाच्या दोन ओंडक्यांवर पालथी आहे, खालून वारा खेळतो आहे. नाळेपाशीं एक रेघ मात्र राहून गेली आहे, ती मला दिसते.