चौकटीतले हात

दुपारच्या वेळी कौलारू घराच्या जमिनीवर कवडसे पडतात. कौलाची भेग लांबट असो, दोन कौलांमधली फट वेडीवाकडी असो, सारवलेल्या जमिनीवर उमटणारा कवडसा मात्र गोलच असतो. भोक वाकडं आणि उजेड गोल, हे कसं? कारण तो गोल भोकाचा नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं. भोक पुरेसं बारीक असलं की पंधरा कोटी किलोमीटरवरचा, चौदा लाख किलोमीटर व्यासाचा सूर्य त्यातून आत येऊन जमिनीवर उमटतो. फटीपासून चार मीटर खाली त्याचा व्यास भरतो जेमतेम पावणेचार सेंटिमीटर. पटत नसेल तर खंडग्रास ग्रहणाची वाट पाहा. २६ डिसेंबर २०१९च्या सकाळी कोकणात तसं ग्रहण दिसलं. अशा वेळी घरातल्या प्रत्येक कवडशाची कोर होते. सूर्याला जेवढा घास पडलेला असेल तेवढाच कवडशालाही.

म्हणजे आमच्या कर्जत-खालापूरच्या खेड्यांतलं जुनं घर कुणी कॅमेरा आणण्याआधीपासूनच चित्रं काढत आलं आहे. ठाकरवाड्या आणि कातकरीवाड्यांत कारवीच्या काड्यांचे कूड असतात, वरून शेणामातीचा गिलावा. गिलावा उडाला की कुडातूनही उजेडाच्या काड्या आत शिरतात. शहरी डोळ्याला ही घरं अंधारी वाटतात. छायाचित्रकाराला विचाराल तर तो म्हणेल, इथे उजेडाला दिशा आहे. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड चारी बाजूंनी येतो आणि चेहरा सपाट करतो. एकाच खिडकीच्या खोलीत तो एका गालावर पडतो, दुसरा गाल सावलीत राहतो, आणि नाकाची उंची, ओठांची वळी, कपाळावरचं तेल हे सगळं दिसायला लागतं.

बाळंतिणीची खोली ही अशीच एका खिडकीची. तिथे आता एक नवी तऱ्हा रुजते आहे, ती म्हणजे घरातल्या घरात, कुणाला काही करायला न सांगता, जे चाललंय त्याचेच फोटो काढायचे. कर्जत म्हटलं की आजकाल फार्महाउस आणि लग्नाआधीचं फोटोशूट डोळ्यांपुढे येतं. धुराचे रंगीत फवारे, उसना झुळझुळीत गाऊन. जवळच २००५ साली कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी उभारलेल्या स्टुडिओत तर अख्खे राजवाडे प्लास्टरचे आहेत. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, खोटं इतकं खरं करणं ही विद्या आहे. पण खोलीतल्या पाटावर बसलेली आजी पाय पसरते, नडग्यांवर बाळ उपडं घेते आणि पाठीवर कोमट पाणी सोडते, तेव्हा जे दिसतं त्याला सेट लागत नाही.

त्या क्षणी फोटोत काय येतं? बाळ येतं, हे खरं. पण नीट पाहा, चौकटीचा अर्धा भाग हातांनी व्यापलेला असतो.

ही गोष्ट साधी वाटते, पण फोटोग्राफीचा पहिला काळ या हातांना लपवण्यातच गेला. १८५१नंतर ओल्या काचेवर फोटो घेण्याची पद्धत आली. एका फोटोला काही सेकंद, उजेड कमी असेल तर त्याहून जास्त वेळ लागे. तेवढा वेळ तान्हं मूल स्थिर बसणार कसं? युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी तोडगा काढला. आईलाच खुर्चीवर बसवायचं, तिच्या डोक्यावरून नक्षीदार कापड टाकायचं आणि मांडीवर मूल ठेवायचं. फोटोत दिसे मूल आणि त्यामागे एक चमत्कारिक आकाराची खुर्ची. काही फोटोंत कापडाखालून निसटलेला हात स्पष्ट दिसतो. आज ते फोटो पाहताना मूल बाजूला राहतं आणि नजर त्या कापडाखालच्या बाईकडे जाते.

मुंबईतही वेगळं नव्हतं. विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली मुंबईच्या जातीजमातींवर दोन खंड काढले. माणसांचे फोटो एका ठिकाणी काढायचे, आकृती कापून घ्यायच्या आणि देवळा-तळ्यांच्या दुसऱ्याच फोटोंवर चिकटवायच्या, असं ते काम. माणूस घरातून उचलून भलत्याच अंगणात नेऊन ठेवलेला. आमच्या भागाचं तर याहून नवल. बोरघाटाच्या रेल्वेचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको ॲलिस हिने तो ठेका पुढे चालवला. घाटाच्या कामाचे तिने काढलेले फोटो प्रसिद्ध आहेत. पूल, कमानी, डोंगराला पडलेली भगदाडं. एका टप्प्यावर चाळीस हजारांहून जास्त मजूर त्या चढावर राबत होते. त्यांच्या झोपड्यांतही मुलं जन्मली असणारच. तो फोटो कुणी काढला नाही, आणि त्या काळच्या काचांवर तो निघालाही नसता.

निघाला नसता, याचं कारण उजेड. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. खिडकीची खोली बरी उजळ असली तर शंभर लक्स. पणतीपासून एक मीटरवर साधारण एक लक्स. म्हणजे ऊन आणि पणती यांत लाखपटीचा फरक, आणि आपला डोळा दोन्हीकडे बिनतक्रार चालतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. शंभर एएसएची जुनी फिल्म, चांगली उघडी लेन्स, शंभर लक्सची खोली, असं धरलं तर शटर सेकंदाचा आठवा भाग उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात बाळ एक लाथ मारून मोकळं होतं. आजच्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता ६४००वर नेली की तोच फोटो सेकंदाच्या पाचशेव्या भागात निघतो. फ्लॅश नको, दिवे नकोत, बाळाची झोपमोड नको. घरच्या फोटोची ही सगळी नवी तऱ्हा त्या चौसष्ट पटींवर उभी आहे.

मात्र त्या चौसष्ट पटींची किंमत मोजावी लागते. अंधाऱ्या फोटोत जे दाणेदार कण दिसतात त्यांचा दोष आपण कॅमेऱ्याला देतो, पण त्यातला मोठा भाग खुद्द प्रकाशाचा असतो. प्रकाश सलग येत नाही, कणाकणाने येतो. वळवाचे पहिले थेंब अंगणात पडतात तेव्हा एक फरशी भिजते आणि शेजारची कोरडी राहते, तसंच कमी उजेडात सेन्सरच्या एका ठिपक्यावर चार कण पडतात, शेजारच्यावर दोन. गालावरचा तो दाणेदारपणा म्हणजे प्रकाश मोजून मोजून येत असल्याची खूण. मला तर तो पुसून टाकणारी सॉफ्टवेअर आवडत नाहीत.

आता बाळाकडे वळू. पहिल्या काही आठवड्यांतल्या बाळाचे फोटो नंतर कधीच काढता येत नाहीत, आणि याचा संबंध नुसत्या गोंडसपणाशी नाही. आधार सुटल्यासारखं वाटलं की नवजात बाळ दोन्ही हात फाकवतं, बोटं पसरतं आणि मग कवेत घेतल्यासारखं जवळ ओढतं. अर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रतिक्रिया चार-सहा महिन्यांत नाहीशी होते. तळहातावर बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते, तीही सवय काही महिन्यांत जाते. पापण्यांची गंमत ऐका. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिटतो, नवजात बाळ दोन-चार वेळाच. म्हणून ते असं टक लावून पाहत असल्यासारखं वाटतं. पाहतं काय? वीस ते तीस सेंटिमीटरच्या पुढचं सगळं त्याला पुसट. पण तेवढ्या अंतरावर नेमकं असतं दूध पाजणाऱ्या आईचं तोंड.

आणि ते झोपेतलं हसू. दोन आठवड्यांचं बाळ झोपेत ओठ मुडपतं, मधेच हसतं, लगेच रडवेलं होतं. घरातली म्हातारी सांगते, सटवाई हसवतेय. विज्ञान सांगतं, नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते, तिच्यात डोळे पापण्यांआड फिरतात आणि चेहऱ्याचे स्नायू आपसूक हलतात. समोरच्याला पाहून हसणं सहा-आठ आठवड्यांनी येतं. फोटो काढणाऱ्याला दोन्ही म्हणणी उपयोगाची. सटवाई कधी हसवेल याचा नेम नाही, तेव्हा कॅमेरा डोळ्याला लावून बसून राहायचं.

असं बसून राहण्याचा एक नामांकित पूर्वज घाटाच्या वरच्या टोकाला राहून गेला. दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधी त्यांनी लोणावळ्यात छपाईचा कारखाना काढला होता. १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवतानाचा छोटा चित्रपट घेतला, थोडं थोडं वाढेल तसं एकेक चित्र घेत. काही होण्याची वाट पाहणं हेच काम, असं मानणारी माणसं तेव्हाही होती.

पाचवीची रात्र या कामाची खरी परीक्षा. पाट्या-वरवंट्याची पूजा, कोरा कागद, लेखणी, आणि एक दिवा, कारण बाळाचं नशीब लिहायला सटवाई येणार. या उजेडात फोटो कसे येतात? दिव्यापासून मीटरभर दूर बसलेल्या चेहऱ्यावर एक लक्स. पण दिव्याची वात सारणारा हात तीस सेंटिमीटरवर असतो. अंतर तिपटीने कमी झालं की उजेड नऊ-दहा पटींनी वाढतो, हा निसर्गाचा नियम. चेहऱ्यासाठी शटर सेकंदाच्या सहाव्या भागाइतकं उघडं ठेवावं लागतं, हाताला साठावा भाग पुरतो. म्हणून दिव्याच्या फोटोत चेहरे काळोखात बुडतात आणि हात सोन्यासारखे उजळतात. छायाचित्रकाराला त्यासाठी काही करावं लागत नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला याच्या जोडीला आणखी एक खेळ चालतो. न्हाणीघरात पणती, तिचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा, नारिंगी. दाराबाहेर फटफटायला लागलेलं आकाश, ते सात हजारांच्या पुढचं, निळं. डोळा दोन्ही जुळवून घेतो आणि आपल्याला वेगळं काही जाणवतच नाही. कॅमेऱ्यात मात्र उटणं लावणारे हात नारिंगी आणि बाळाची ओली पाठ एका बाजूने निळी येते. रंगांचा विषय निघालाच आहे तर, गौरीच्या दिवसांत कोकणाकडच्या घरांत तेरडा आणतात, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस, हे फोटोग्राफरने आधीच ऐकलेलं बरं. चौथ्या दिवशी येऊन उपयोग नाही.

बोरन्हाण वेगळं. इथे उजेड भरपूर असतो, गडबड त्याहून जास्त. काळं झबलं, त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. अर्ध्या मीटरवरून सोडलेलं बोर डोक्यापर्यंत येताना सेकंदाला तीन मीटरच्या वेगाने पडत असतं. शटर साठाव्या भागाचं ठेवलं तर फोटोत बोराची पाच सेंटिमीटरची तपकिरी रेघ उमटते. हजाराव्या भागाचं ठेवलं तर बोर तीन मिलिमीटर सरकतं आणि हवेत टांगल्यासारखं दिसतं. चुरमुरे मात्र हवेच्या अडथळ्याने मागे राहतात, म्हणून चांगल्या फोटोत बोरं खाली आणि चुरमुरे वर, असे थर दिसतात. काळ्या झबल्याची एक खोडही सांगून ठेवतो. चौकट काळ्याने भरली की कॅमेऱ्याला वाटतं इथे उजेड कमी आहे. तो फोटो उजळवतो, झबलं राखाडी होतं आणि हलवा पांढराफटक. तेव्हा कॅमेऱ्याला थोडं खोटं ठरवून फोटो मुद्दाम गडद घ्यावा.

स्टुडिओतल्या आजच्या बेबी शूटलाही माझी ना नाही. टोपलीत गुंडाळलेलं, हनुवटीखाली स्वतःच्याच मुठी ठेवलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. जाणते फोटोग्राफर तो एक फोटो दोन फोटो जोडून करतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं, कारण नवजात बाळाची मान स्वतःचं डोकं तोलूच शकत नाही. मग संगणकावर ते हात पुसतात. कापडाखालच्या आईपासून इथवर दीडशे वर्षांत साधनं बदलली, हात पुसण्याची हौस तीच राहिली.

आणि बाळंतिणीला विचारायला विसरू नये. आठवडाभराची ओली बाळंतीण, विस्कटलेले केस, दुधाने भिजलेला पदर. यातलं काय चौकटीत यायचं ते तिने ठरवायचं, सासूने किंवा नवऱ्याने नाही. बारशाच्या आधी फोटो नको, दृष्ट लागते, असं घरात म्हणत असतील तर थांबावं. तोवर धुरीचे फोटोही टळतात, ते बरंच. शेगडीवरच्या ओव्या-वावडिंगाच्या धुरात कवडशाचा तिरपा खांब देखणा दिसतो, पण तान्ह्या फुप्फुसांजवळ धूर नको, असं डॉक्टर सांगतात.

फोटो निघाले की ते टिकवायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे सोपं नाही. छापील फोटोचा वरचा थर बहुधा जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातडीतून काढलेल्या प्रथिनाचा असतो. बुरशीला तो आवडतो. २००५च्या जुलैत उल्हास नदी घराघरांत शिरली. अशा पुरात भिजलेला अल्बम तसाच वाळवला तर फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. ओले असतानाच सोडवावेत, स्वच्छ थंड पाण्यातून काढावेत, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. एक प्रत नातेवाइकांच्या घरी, दुसऱ्या गावात ठेवावी. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावं, कारण बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. बाळाचं नाव आणि तारीख सगळेच लिहितात. त्यासोबत आंघोळ घालणारी कोण, पाळण्याची दोरी कुणाच्या हातात होती, आणि डावीकडच्या कोपऱ्यात मनगटापर्यंतच आलेला हिरव्या बांगड्यांचा हात कुणाचा, हेही लिहावं.