ब्राझीलच्या उबेराबात राहायला जाताय? मग हे वाचाच!

मिनास जेराइस राज्यातलं उबेराबा म्हणजे समुद्रापासून दूरचं, तीन लाखांहून अधिक वस्तीचं शहर. आपल्याकडून गेलेल्या गीर आणि ओंगोल गाईंच्या वंशावर ब्राझीलचं पशुपालन फोफावलं, त्याचं हे मुख्य केंद्र!

📌 सगळ्यात आधी सीपीएफ काढा. हा ११ अंकी करक्रमांक आहे. बँक खातं, मोबाइल, भाडेकरार, सगळीकडे तोच विचारतात. दीर्घ मुदतीचा व्हिसा असेल तर आल्यापासून ९० दिवसांत संघीय पोलिसांकडे नोंदणी करा.

📌 खातं उघडलं की ‘पिक्स’ सुरू करा. २०२० मध्ये आलेली ही सोय आपल्या यूपीआयसारखीच आहे.

📌 घरासाठी अनेकदा जामीनदार मागतात. तो नसेल तर अनामत देता येते. कायद्याने ती तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही.

📌 विजेचा दाब साधारण १२७ व्होल्ट असतो. आपला २३० व्होल्टचा मिक्सर नेऊ नका.

📌 दुपारी ‘किलो’ खानावळीत जा. ताट वजन करून पैसे घेतात. भात, घेवड्याची उसळ, भाज्या मिळतात. उसळीत बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं.

📌 ‘सूस’ या सरकारी सेवेत उपचार मोफत मिळतात, परदेशी लोकांनाही. आपल्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवा.

इंग्रजीवर इथे भागत नाही. निघण्याआधी कामापुरतं पोर्तुगीज शिकाच, आणि कोणी तिकडे निघालं असेल तर त्यांना ही पोस्ट जरूर पाठवा!