अमेरिकेंत घोडा आला तेव्हां

हर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सरदार इ. स. १५१९ मध्यें मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला, त्या वेळीं त्याच्याबरोबर सुमारें पांचशें शिपाई आणि अवघे सोळा घोडे-घोड्या होत्या. बेर्नाल दिआस नांवाच्या त्याच्या एका शिपायानें म्हातारपणीं लिहिलेल्या बखरींत या सोळाहि जनावरांची, रंग, गुण व मालक यांसह, याद दिली आहे; एका घोडीस जहाजावरच शिंगरूं झालें, तेंहि तो विसरलेला नाहीं. त्या स्वारींत घोड्याचें मोल काय होतें, हें यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

अमेरिका खंडांत पुरातन काळीं घोडे होते. परंतु सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं ते नामशेष झाले. १४९३ सालीं कोलंबसानें दुसऱ्या सफरींत नेले, ते तेथील बेटांवर. अर्थात् मेक्सिकोंतील लोकांच्या भाषेंत या प्राण्यास नांवच नव्हतें. त्यांनीं त्यास ‘हरिण’ म्हटलें. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या वैदिक ऋषींनींहि हत्तीस ‘मृग हस्तिन्’, म्हणजे हात असलेला पशु, असेंच संबोधिलें आहे.

ताबास्को प्रांतांतील लढाईंत तेथील लोकांस घोडा व स्वार मिळून एकच प्राणी भासला, असें दिआस सांगतो. या अज्ञानाचा लाभ घेण्यास कोर्तेसानें विलंब लाविला नाहीं. तहासाठीं नायक यावयाचे होते, त्या जागीं त्यानें जहाजावर व्यालेली ती घोडी आधीं आणविली व एका मस्त घोड्यास तिचा वास देवविला. पुढें नायक येऊन बसल्यावर तोच घोडा त्यांच्यासमोर आणिला. घोडा खिंकाळूं लागला, टापा आपटूं लागला, आणि दृष्टि मात्र नायकांच्या रोखानें. कारण वास तिकडूनच येत होता. बिचारे भयभीत झाले. मग कोर्तेसानें त्यास दूर नेवविलें आणि ‘तुम्ही सलोख्यानें आलां आहांत, सबब रागावूं नको, असें घोड्यास सांगितलें आहे’, असें त्यांस कळविलें! युक्ति धूर्तपणाची खरी. पण तींत शौर्य कोठें शोधावें, हें आम्हांस कळत नाहीं.

हा भ्रम फार दिवस टिकला नाहीं. त्याच सालीं त्लाश्काला येथील योद्ध्यांनीं एक घोडी मारिली, तिचे तुकडे करून गांवोगांव दाखविले आणि तिचे नाल आपल्या देवांस वाहिले. देव मरत नाहीं, घोडी मेली. एवढें त्यांस पुरें झालें.

दक्षिणेकडे माया लोकांत मात्र निराळेंच घडलें. १५२५ मध्यें होन्डुरासच्या वाटेवर कोर्तेसाचा एक घोडा लंगडा झाला. पेतेन सरोवरांतील बेटावर इत्सा लोकांचा राजा कानेक राज्य करीत होता. त्याच्या हवालीं तो घोडा करून कोर्तेस पुढें गेला, तो परत आलाच नाहीं. घोड्यास त्यांनीं फुलें वाहिलीं आणि कोंबड्यांचें मांस खावयास घातलें, अशी कथा आहे. दसऱ्यास घोडा पूजणाऱ्या आम्हांस त्यांची भक्ति समजते. पण त्यांस गवत सुचविणारा कोणी भेटला नाहीं, याचें वाईट वाटतें. घोडा मेला. त्यांनीं त्याची दगडचुन्याची मूर्ति केली आणि तिला ‘त्सिमिन चाक’ म्हणूं लागले. त्सिमिन हें तिकडील टापीर नांवाच्या आंखूड सोंडेच्या वन्य पशूचें नांव, व चाक हा पर्जन्यदेव. १६१८ मध्यें दोन ख्रिस्ती साधु तेथें पोंचले. पैकीं ओर्बिता यानें ती मूर्ति पाहतांच दगडानें फोडली. लोक खवळले, साधु कसेबसे वांचले.

उत्तरेकडील मैदानांत घोडा कोणा नायकास भिवविण्यासाठीं गेला नाहीं. १५९८ पासून न्यू मेक्सिकोंत वसलेल्या स्पॅनिश लोकांचीं जनावरें तेथील लोकांच्या हातीं लागत गेलीं. १६८० च्या प्वेब्लो बंडानंतरच घोडे पसरले, असें पूर्वीं शिकवीत. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें, जुन्या हाडांवरून, त्याआधींच ते दूरवर पोंचले होते असें दाखविलें आहे. तेथें तोंवर ओझें ओढावयास कुत्रा असे. म्हणून लाकोटा लोकांनीं घोड्यास ‘पवित्र कुत्रा’ म्हटलें. पुढें अठराव्या शतकांत कोमांचे लोक याच घोड्यांवर बसून स्पॅनिश वसाहतींवर धाडी घालूं लागले, आणि त्यांस थोपविणें स्पेनच्या सुभेदारांस जड गेलें.