येणार येणार म्हणतात तो पडदा

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे लहानसे स्थानक आहे. मुंबई–गोवा महामार्गही याच पट्ट्यातून जातो. त्या महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर ‘यंदा पूर्ण होणार’ हे वाक्य या परिसराने वर्षानुवर्षे ऐकले. ‘होणार’ या शब्दाचे मोल येथील दुकानदाराला कोणी शिकवावे लागत नाही.

त्याच शब्दाचा प्रयोग गेली काही वर्षे संगणकाच्या बाजारात ऐकू येतो. लॅपटॉप आणि टेबलावरच्या संगणकांना आता ‘ओएलईडी’ पडदे येणार, जुने पडदे मोडीत निघणार, तेव्हा थोडे थांबा, असे सांगितले जाते. व्यापारी घरातला हा संवाद ओळखीचा आहे. दुकानातला संगणक थकला आहे. वडिलांच्या मनात दिवाळीच्या वहीपूजनाला नवा घ्यावा असे आहे. कॉलेजातून आलेला मुलगा म्हणतो, ‘पप्पा, सहा महिने थांबा, भाव पडतील.’ पन्नास-साठ हजारांचा प्रश्न असल्यामुळे दोघांचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे.

प्रथम वस्तू समजून घ्यावी. प्रचलित एलसीडी पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्याच्या मागे दिवा असतो आणि पुढचा थर तो प्रकाश कुठे अडवतो, कुठे सोडतो. म्हणून त्यातला काळा रंग पूर्ण काळा कधीच होत नाही. ओएलईडीमध्ये सेंद्रिय रसायनांचा अतिशय पातळ थर असतो, विजेचा प्रवाह मिळताच त्यातला प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि प्रवाह थांबला की पूर्ण विझतो. ईस्टमन कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी या तंत्राचा पाया घालणारा शोधनिबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. सोनीने २००७ मध्ये ११ इंचांचा दूरचित्रवाणी संच विकायला काढला. पुढे सॅमसंगच्या फोनमध्ये आणि २०१७ मध्ये आयफोनच्या दहाव्या आवृत्तीतही हे पडदे आले.

मग संगणकाच्याच बाबतीत अफवा इतकी वर्षे का चालली? वस्तुस्थिती अशी की ती कधीच निव्वळ अफवा नव्हती. २०१६ मध्येच लेनोव्हो, डेल व एचपी यांनी ओएलईडी पडद्याचे महाग लॅपटॉप काढले होते. त्याच वर्षी जानेवारीत लास वेगासच्या प्रदर्शनात डेलने ३० इंचांचा ओएलईडी मॉनिटर दाखवला, किंमत ४,९९९ डॉलर सांगितली आणि मार्चअखेर विक्रीची तारीखही दिली. त्या तारखेला मॉनिटर आला नाही. जो आला तो २०१७ मध्ये आणि ३,४९९ डॉलरला. म्हणजे तारीख चुकली, किंमतही चुकली, पण वस्तू मात्र खरी निघाली. अफवेची खरी अडचण हीच असते. ती साफ खोटी असती तर विसरून जाता आले असते.

विलंबाचे कारण कापडाच्या व्यापाऱ्याला पटकन उमगेल. हे पडदे एकेक करून घडत नाहीत. मोठ्या काचेवर, निर्वात कोठडीत, रसायनांची वाफ बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीतून बसवतात आणि मग त्या काचेचे तुकडे कापतात. फोनच्या पडद्यांसाठी उभारलेल्या कारखान्यांत ही काच साधारण दीड मीटर बाय १.८५ मीटर असते. तिच्यातून फोनचे तुकडे भरपूर निघतात, लॅपटॉपचे मोजकेच निघतात आणि कातरण जास्त जाते. पन्हा अरुंद असलेल्या ताग्यातून मोठ्या मापाचा कपडा बेतावा तसे हे आहे. त्यासाठी रुंद पन्ह्याचे कारखाने हवेत. सॅमसंग डिस्प्लेने असा कारखाना दक्षिण कोरियातील आसान येथे उभारण्याची घोषणा एप्रिल २०२३ मध्ये केली, गुंतवणूक ४.१ लाख कोटी वोन. तेथील काच सुमारे २.२९ बाय २.६२ मीटर. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या बीओई कंपनीनेही चेंगडू येथे तसाच बेत जाहीर केला. भाव उतरायचे तर ते या कारखान्यांतून नियमित माल बाहेर पडू लागल्यावर. बातमी छापून आल्यामुळे ते उतरत नाहीत.

थांबण्याचा धोका ग्राहकापेक्षा विक्रेत्याला अधिक असतो. ॲडम ऑसबॉर्न यांनी १९८१ मध्ये ‘ऑसबॉर्न-१’ हा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला आणला आणि तो जोरात खपला. १९८३ मध्ये त्यापेक्षा चांगले यंत्र येत असल्याचा बोलबाला झाला. दुकानदारांनी जुन्या यंत्राच्या मागण्या थांबवल्या, गोदामात माल पडून राहिला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. अभ्यासक इतर कारणेही दाखवतात, तरी बाजाराने लक्षात ठेवली ती हीच गोष्ट. (ऑसबॉर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले होते आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाईकनालला झाले.) पेण-रोह्याकडे संगणक विकणाऱ्याने या दिवसांत प्रत्येक नमुन्याचे एक-दोनच नग ठेवून बाकी मागणीप्रमाणे मागवलेले बरे. भांडवल अडकले तरी कॅश क्रेडिटवरचे व्याज चालूच राहते.

पडद्यांच्या ‘येणार’चा अनुभव महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. नागपूरजवळ बुटीबोरी येथे एलसीडी पडद्यांचा कारखाना येणार, त्यात साठ हजार कोटींहून अधिक गुंतवणूक होणार, असे २०१६ च्या सुमारास सांगितले गेले. तो कारखाना उभा राहिला नाही. पुढे वेदांत आणि फॉक्सकॉन यांच्या सेमीकंडक्टर व पडदे प्रकल्पासाठी तळेगावचे नाव घेतले जात होते. १३ सप्टेंबर २०२२ रोजी त्याचा १.५४ लाख कोटी रुपयांचा करार गुजरातशी झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनही अंग काढून घेतले. या काळात ज्यांनी आसपासची जमीन केवळ बातमीवर विसंबून घेतली असेल, त्यांचे काय झाले असेल याची कल्पना व्यापाऱ्याला करता येते.

आता मूळ प्रश्न दुकानाचा. ओएलईडीच्या गुणांची वाखाणणी पुष्कळ होते. त्याचे दोष मात्र नेमके दुकानात डोके वर काढतात. सेंद्रिय रसायने वापराने झिजतात, निळ्या रंगाचे सर्वांत लवकर. पडद्यावर एकच चित्र रोज दहा-दहा तास स्थिर राहिले तर तेवढे बिंदू अधिक झिजतात आणि त्यांचा पुसट ठसा कायमचा राहू शकतो. बिलाच्या पडद्यावर काय असते? वर तोच मेनू, खाली तीच पट्टी, उजवीकडे त्याच बटणांची रांग, सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत. शिवाय हिशेबाचे पान पांढरे असते आणि पांढरे पान दाखवताना ओएलईडीला वीज जास्त लागते. त्याची बचत काळ्या पार्श्वभूमीवर होते. रस्त्याकडे तोंड असलेल्या, उजेडाने भरलेल्या दुकानात त्याचा गर्द काळा रंग दिसणार तरी किती? गल्ल्यावरच्या कामाला साधा एलसीडी मॉनिटर आजही उत्तम आहे. त्याच्यासाठी सहा महिने काय, सहा दिवसही थांबण्याचे कारण नाही.

मुलाचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे मात्र नाही. घरात कोणी साड्यांचे किंवा दागिन्यांचे नमुने संगणकावर रेखाटत असेल, छायाचित्रांचे काम करत असेल, तर या पडद्यावरच्या रंगांचा फरक डोळ्यांना जाणवतो. अशांनाही थांबायची गरज उरलेली नाही. २०२१ पासून आसुससारख्या कंपन्यांनी मध्यम किमतीचे ओएलईडी लॅपटॉप भारतात आणले आहेत. मे २०२४ मध्ये ॲपलने आयपॅड प्रोमध्ये एकावर एक दोन प्रकाशथर असलेला पडदा वापरला. त्यामुळे प्रत्येक थरावरचा भार कमी होऊन झीज मंदावते. कोकणच्या दमट हवेची शंका रास्त आहे, कारण ओलावा आणि प्राणवायू या रसायनांचे शत्रूच. म्हणून कारखान्यातच हा थर हवाबंद केलेला असतो आणि शाबूत पडद्याला पावसाळ्याची भीती नाही. विकत घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: ठसा उमटल्यास वॉरंटी लागू आहे का आणि पडदा बदलायचा झाल्यास खर्च किती.

राहिला मुहूर्ताचा आणि कराचा विचार. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असे जाहीर झाल्यावर अनेकांनी २२ सप्टेंबरपर्यंत खरेदी लांबवली. ते शहाणपणाचे होते, कारण ३ सप्टेंबरच्या बैठकीनंतर तारीख आणि दर दोन्ही कागदावर होते. मोठ्या दूरचित्रवाणी संचांचा दर तेव्हा २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लॅपटॉपवर तो आधीपासूनच १८ होता. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावरचा कर वजा करून मिळतो, कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे. मात्र त्या वर्षी तो १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के, मिळतो. उरलेला बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहतो. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेतून विवरणपत्र भरणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. इतरांनी दिनदर्शिका पाहावी. पूर्ण घसाऱ्यासाठी यंत्र साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत वापरात यायला हवे आणि दिवाळी बहुधा त्यानंतर येते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीशेजारी ठेवून कुंकवाचे बोट लावायला महिनाभर वापरलेला लॅपटॉपही चालतो.