चर्चेतल्या दोन बाजू

वृत्तवाहिन्या पक्षपाती आहेत, ही तक्रार आता सर्वच पक्षांची झाली आहे. सत्तेतील पक्षाला त्या विरोधकांना सामील वाटतात आणि विरोधकांना त्या सत्तेने पोसलेल्या वाटतात. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘इंडिया’ आघाडीने तर चौदा निवेदकांची नावेच जाहीर केली आणि त्यांच्या कार्यक्रमांत आपले प्रवक्ते पाठवायचे नाहीत असे ठरवले. ह्या भांडणात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु हे भांडण वाड्यातल्या भाऊबंदांचे आहे. वाड्याबाहेर जे उभे आहेत, त्यांचा प्रश्न निराळा आहे. वाहिनी कोणत्या बाजूला झुकते हे पाहण्याआधी, ती बाजू म्हणून मोजते कोणाला, हे आपण पाहिले पाहिजे. माझ्या मते खरा पक्षपात तेथेच होऊन जातो. पुढचा आरडाओरडा नंतरचा.

हे मला पुस्तकात सापडले नाही. जानेवारी २०१८ मध्ये मी नाशिकच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवीत होतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे निघालेल्या लोकांवर हल्ले झाले, त्यानंतर ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. त्या दिवशी दुपारी एका वाहिनीच्या स्थानिक वार्ताहराचा फोन आला. “सर, संध्याकाळच्या चर्चेला बसाल का? दलित बाजू मांडायला माणूस पाहिजे.” मी होकार दिला. खोटे कशाला बोलू, मला आनंदही झाला. सातपूरच्या वस्तीत आईला फोन करून सांगितले. तिने शेजारपाजारच्या बायका गोळा केल्या.

एका लहानशा खोलीत कॅमेऱ्यापुढे, कानात यंत्र घालून मी पाऊण तास बसून होतो. पडद्यावर चार खिडक्या होत्या. दोघे पक्षप्रवक्ते, एक ‘राजकीय विश्लेषक’ आणि मी. माझ्या नावाखाली ‘दलित कार्यकर्ता’ असे लिहिले होते, हे मला नंतर कळले. मी प्राध्यापक असल्याचे वार्ताहराला सांगितले होते. विश्लेषकांची जात मात्र त्यांच्या नावाखाली लिहिलेली नव्हती. त्यांना विश्लेषण करायचे होते, मला ‘बाजू’ मांडायची होती. माझ्या वाट्याला प्रश्न आला तो असा : बसगाड्यांच्या काचा फुटल्या, त्याचे तुम्ही समर्थन करता का, हो की नाही? मी म्हणालो, “१ जानेवारीला काय घडले ते आधी...” आणि कानातून दुसऱ्याच कोणाचा आवाज येऊ लागला. रात्री घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “तुझं तोंड हालत व्हतं रं, पर आवाजच येत नव्हता.”

आईने जे पाहिले ते यंत्राच्या बिघाडामुळे झालेले नव्हते. चर्चेचा कार्यक्रम कसा तयार होतो, हे आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा नीट समजून घ्यावे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

बातमी गोळा करणे महाग असते. सुरगाण्याला किंवा पेठेला गाडी, कॅमेरा आणि माणूस पाठवायचा तर खर्च येतो, दिवस जातो, आणि इतके करून हाती लागते दोन मिनिटांचे चित्र. चर्चेला एक निवेदक आणि चार फोन पुरतात. पाहुणे बहुधा फुकट येतात, तास भरून निघतो. शिवाय भांडण असले की माणूस वाहिनी बदलत नाही, असा त्यांचा अनुभव. ही गणना ज्या यंत्रांवर होते, ती २०२० साली देशातील सुमारे ४४ हजार घरांत बसवलेली होती, आणि टीव्ही असलेली घरे होती २१ कोटींच्या आसपास. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीच्या गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदवला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद राहिले. आकडे बंद होते तेव्हा चर्चा शांत झाल्या का? माझ्या पाहण्यात तरी नाही. म्हणजे दोष केवळ आकड्यांचा नव्हे.

पाहुण्यांची निवड दुपारी होते. पक्षांकडे प्रवक्त्यांच्या याद्या तयारच असतात. ज्याची यादी नाही, त्याला कोण शोधणार? मग विषयाला प्रश्नाचे रूप दिले जाते आणि तो प्रश्न पडद्याच्या तळाशी पट्टीवर चढतो. माझ्या मते सर्वांत अधिक पक्षपात ह्या पट्टीत असतो. निवेदक कदाचित सर्वांना सारखा वेळ देईल, पण पट्टी तासभर एकच वाक्य बोलत राहते. ‘बंदमुळे सामान्यांचे हाल’ असे लिहिले की बंद करणारे ‘सामान्य’ नव्हेत, हे न बोलता ठरून जाते. त्यांचे हाल हा विषयच उरत नाही. शेवटी राहिला आवाज. कोणाचा ठेवायचा आणि कोणाचा उतरवायचा, ती कळ निवेदकाच्या हाती किंवा त्याच्या कानात बोलणाऱ्याच्या हाती असते.

मालकीचा विचारही ह्यात आलाच. ‘साम’ ही सकाळ समूहाची वाहिनी. आयबीएन-लोकमत २००८ साली निघाली ती दर्डा कुटुंबाचा लोकमत समूह आणि नेटवर्क १८ ह्यांच्या भागीदारीत. दर्डा बंधूंपैकी एक काँग्रेसचे खासदार, दुसरे राज्यात मंत्री. २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेले. झी समूहाचे संस्थापक २०१६ मध्ये भाजपच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेले. सह्याद्री तर सरकारचीच. राजकीय पक्षांना व त्यांच्याशी संबंधितांना प्रसारणाच्या धंद्यात येऊ देऊ नये, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये केली होती. शिफारस ती, कागदावर राहिली. अमेरिकेत १९४९ पासून, वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नावर भिन्न मतांना वाव द्यावा, असे बंधन प्रसारकांवर होते. ते १९८७ मध्ये उठवले गेले आणि पुढच्या दहा वर्षांच्या आत तेथे उघडपणे एका बाजूच्या केबल वाहिन्यांचे युग सुरू झाले. परंतु ते बंधन होते तेव्हादेखील भिन्न मत म्हणजे कोणाचे मत, हे काळ्या माणसाला विचारून ठरत नव्हते.

आता आपल्या नाशिकचेच एक उदाहरण घेऊ. ६ मार्च २०१८ रोजी येथल्या सीबीएस चौकातून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे निघाला. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण ह्या तालुक्यांतले आदिवासी त्यात फार मोठ्या संख्येने होते. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, कसत असलेल्या जमिनी नावावर करून द्या, ही त्यांची मुख्य मागण्यांपैकी एक. बारा वर्षांपूर्वी झालेला कायदा अमलात आणा, एवढेच ते मागत होते. आदल्या दिवशी त्रिपुरात लेनिनचा पुतळा पाडला गेला होता. त्यामुळे त्या आठवड्यात संध्याकाळच्या चर्चांत पुतळ्यावर भरपूर बोलले गेले. लाल झेंडा हातात घेतलेली जिवंत माणसे त्याच वेळी कसारा घाटाकडे चालली होती, त्यांना खिडकी नव्हती. मोर्चा मुंबईच्या वेशीवर आला तेव्हा कॅमेरे धावले. सुमारे १८० किलोमीटर चालून सोललेली पावले तेव्हा सर्व महाराष्ट्राने पाहिली. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ११ मार्चच्या रात्री ही माणसे झोप न घेता सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे निघाली, हेही दिसले. शहरी माणूस हेलावला, लोक पाणी आणि चपला घेऊन आले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. कॅमेऱ्याची ताकद ही अशी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण चर्चेत काय झाले? भाजपच्या तेव्हाच्या खासदार पूनम महाजन ह्यांनी मोर्चाच्या संदर्भात शहरी माओवादाचा उल्लेख केला आणि मी पाहिलेल्या चर्चांचा प्रश्न पालटला. वनजमिनीचे दावे का अडले, फेटाळले कोणी, कोणत्या कार्यालयात कागद पडून आहेत, हे विचारायचे सोडून ‘मोर्चामागे कोण?’ असे विचारले जाऊ लागले. एक प्रवक्ता सरकारचा, एक विरोधकांचा. दोघांना सारखा वेळ मिळाला. तराजू अगदी समतोल होता आणि त्यात आदिवासी नव्हता. एखादी बाई दिसली तर तिचे पाय दिसले. तिला वनहक्काच्या कलमाविषयी कोणी विचारले नाही. तिला ते पाठ असण्याचा संभव निवेदकापेक्षा अधिक होता.

भाषेचीही एक गंमत सांगतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीला राज्यात लक्षावधी मते पडली. त्या पक्षाच्या धोरणाशी माझे मतभेद आहेत, ते येथे अप्रस्तुत. पण निवडणूकभर चर्चेत प्रश्न एकच होता : ‘वंचित कोणाची मते खाणार?’ इतर पक्ष मते मिळवतात, घेतात, खेचतात. आपण खातो. म्हणजे ते ताट दुसऱ्या कोणाचे तरी होते, हे आधीच धरलेले. मतदार स्वतःच्या अकलेने तेथे गेला असेल, ही शक्यता ह्या क्रियापदात बसत नाही. दोन्ही बाजूंचे प्रवक्ते ह्या शब्दाबाबत मात्र एकमताचे होते.

हे असे का घडते? विषय ठरवणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते ते पाहावे. पत्रकार बी. एन. उनियाल ह्यांनी १९९६ मध्ये दिल्लीत दलित पत्रकार शोधायला सुरुवात केली आणि त्यांना तो सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव ह्यांनी ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली, त्यांत दलित वा आदिवासी एकही नव्हता. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री ह्यांचा अहवाल २०१९ चा. त्यात वृत्तकक्षांतील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे होती आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. तेवीस वर्षांत शून्य हलले नाही. ही पाहणी देशपातळीवरची आहे, मराठी वाहिन्यांची अशी मोजदाद कोणी विद्यार्थ्याने प्रबंधासाठी घ्यावी.

बाबासाहेबांना हे १९२० सालीच ठाऊक होते. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. म्हणून तर मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत, अशी एकामागून एक पत्रे त्यांना काढावी लागली. १९४३ च्या पुण्यातील रानडे व्याख्यानात त्यांनी पत्रकारितेचा धंदा झाल्याचे स्पष्ट सांगितले. २ मार्च १९३० रोजी येथल्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला तेव्हा टीव्ही असता, तर चर्चेचा विषय ‘भाविकांची गैरसोय’ हाच झाला असता, असे मी वर्गात सांगतो. मुले हसतात. नंतर गप्प होतात.

आपल्याही घरात थोडे पाहिले पाहिजे. खिडकीत बसायला मिळावे म्हणून हपापलेले कार्यकर्ते मी पाहिले आहेत. मीही त्यांतलाच एक होतो, हे वर आलेच आहे. निवेदकाला ओरडणारा दलित हवा असतो, आणि आपल्याला ओरडल्याची चित्रफीत वस्तीत फिरवायला हवी असते. दोघांचे साधते. दाव्यांचे कागद मात्र तहसीलमध्येच राहतात. आता कोणी बोलावले तर मी तीन गोष्टी आधी विचारतो : पट्टीवर काय लिहिणार, माझ्या नावाखाली काय लिहिणार, आणि ज्यांच्यावर बेतले ते कोणी बसणार आहे का. बहुतेक वेळा पुन्हा फोन येत नाही.

तक्रारीची वाट आहे, तीही सांगून ठेवतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रेक्षकाने प्रथम वाहिनीकडे लेखी तक्रार करायची, वाहिनीने १५ दिवसांत निकाल द्यायचा, समाधान झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे जायचे, त्यावर सरकारची देखरेख. दिनांक, वेळ आणि नेमके वाक्य लिहावे लागते. ह्यात अडचण अशी की, जे बोलले गेले त्याची तक्रार करता येते. जे बोलावलेच गेले नाहीत, त्यांच्याविषयी अर्जात रकाना नाही.

गेल्या महिन्यात द्वितीय वर्षाच्या दोन मुलींनी अशी एक तक्रार मराठीत लिहिली. आठ दिवस रोज एक तास त्या चर्चा पाहत होत्या आणि वहीत पट्टीवरची वाक्ये उतरवून घेत होत्या. त्यातली एक हरसूलकडची, वसतिगृहात राहणारी. वसतिगृहातला टीव्ही नऊला बंद होतो म्हणून उरलेली चर्चा ती मैत्रिणीच्या मोबाईलवर पाही. ‘तक्रारीचा विषय’ ह्या ओळीपुढे तिने लिहिले होते : आमच्याबद्दल तासभर बोलले, आम्हांला विचारले नाही. हे कोणत्या नियमात बसते, असे तिने मला विचारले. ते वाक्य मी खोडू दिले नाही. वाहिनीला पाठवून आज अकरा दिवस झाले आहेत.