जिजाऊंचा करंडक मणिपूरच्या घरी

संतोष करंडक फुटबॉलप्रेमींना तोंडपाठ असतो. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाईंचं नाव आहे, हे मात्र महाराष्ट्रातच किती जणांना ठाऊक आहे?

महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७५ मध्ये लखनौला झाली. तेव्हा महिला फुटबॉलची संघटना वेगळी होती. नव्वदच्या दशकात सूत्रं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आली आणि तेव्हापासून मणिपूरने वीसहून अधिक अजिंक्यपदं पटकावली. इथे क्लब नव्हे, राज्यं उतरतात. आधी गटवार साखळी सामने, मग अंतिम फेरी.

एवढंसं राज्य, मग हे वर्चस्व आलं कुठून? तिथे वस्तीवस्तीत क्लब आहेत आणि मुलीच्या पायात चेंडू दिसला तर कुणी नवल करत नाही. अर्थात हे आपोआप घडलेलं नाही. ओइनाम बेमबेम देवी लहानपणी मुलाचं नाव सांगून मुलांच्या संघातून खेळायची. तीच पुढे भारताची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये पद्मश्रीची मानकरी ठरली. त्याच वर्षी बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागली.

दुसरं कारण नोकरीचं. खेळाच्या जोरावर पोलिसांत किंवा रेल्वेत कायमची नोकरी लागते, हे दिसलं की घरचे मुलीला मैदानावर सोडतात. रेल्वेचा संघ या स्पर्धेत स्वतंत्र उतरतो, त्यामुळे कमला देवीसारखी मणिपुरी खेळाडू रेल्वेच्या जर्सीत दिसते. २०२१ मध्ये कोझिकोडच्या अंतिम सामन्यात मणिपूर आणि रेल्वेच समोरासमोर आले. पूर्ण वेळ गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टीत मणिपूर २-१.

ही मक्तेदारी अभेद्य नाही. जून २०२३ मध्ये अमृतसरला तमिळनाडूने हरियाणाला २-१ असं हरवून करंडक नेला. महाराष्ट्राला तो अजून जिंकता आलेला नाही. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईत झाला. म्हणजे मैदानं आहेत. कोल्हापुरात तर तालीम मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं. त्याच मंडळांनी आपापल्या नावाने मुलींचे संघ उतरवावेत, त्यांना तोच सराव, तेच प्रशिक्षक आणि तेच प्रेक्षक द्यावेत. जिजाऊंचा करंडक महाराष्ट्रात आणायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.