शाईचा नमुना आणि शाईची बाटली

पलासियाच्या बाजारात शेव घ्यावयास गेलेला मनुष्य पुडी बांधून मागण्यापूर्वी हात पुढे करतो आणि दुकानदार त्याच्या तळहातावर चिमूटभर शेव ठेवतो. तिखट किती, तेल कसे, लवंगेची चव उतरली आहे की नाही, हे जिभेला कळले म्हणजे मग पाव किलो घ्यावयाची की अर्धा, याचा निर्णय होतो. इंदूरकराला या रीतीत काही विशेष वाटत नाही. परंतु हाच चोखंदळ गृहस्थ फाऊंटन पेनाची शाई घेताना मात्र खोक्यावरील रंगाचा चौकोन पाहून पन्नास मिलिलिटरची बाटली घरी आणतो, आणि आठ दिवसांनी ती कपाटाच्या मागच्या खणात जाते. रंग छापील चौकोनासारखा निघाला नाही, किंवा निघाला तरी वहीच्या पानाआडून पलीकडे उमटला, किंवा पेनातून शाई उतरेनाच. बाटली वाया गेली ती चवीवाचून घेतली म्हणून.

वास्तविक थोड्या शाईचा व्यवहार महाराष्ट्राला नवा नाही. 1931 साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि गोविंद परशुराम दांडेकर या बंधूंनी ‘हॉर्स ब्रँड’ या नावाने शाईची पूड आणि शाईच्या टिकड्या बाजारात आणल्या. पुढे ‘कॅमल’ शाई आणि कॅमलिन या नावाने घरोघर पोहोचलेल्या उद्योगाचा आरंभ हा असा पुडीतून झाला. (2011 साली जपानच्या कोकुयो कंपनीने त्यात मोठा वाटा घेतला.) टिकडी दौतीत टाकावी, पाणी घालावे आणि बोरू किंवा टाक बुडवून लिहावे, हा शाळकरी मुलांचा नित्यक्रम होता. फिकी झाली तर आणखी थोडी पूड, दाट झाली तर आणखी थोडे पाणी. पुढे पेन आले तेव्हा कोपऱ्यावरचा दुकानदार काही पैशांत ड्रॉपरने पेन भरून देत असे. बाटली विकत घेण्याचा प्रश्न पुष्कळांना पडतच नसे. त्याच्याही मागे जावयाचे तर समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात, अगदी पहिल्याच समासात, लेखनाचा विचार केला आहे. तेथे अक्षराच्या वळणाबरोबर साधनांचीही चर्चा आहे, आणि निरनिराळ्या ठिकाणचे बोरू जमवावे असे सांगितले आहे. साधन पारखून घ्यावे ही दृष्टी तितकी जुनी आहे.

बॉलपेन आले आणि ही व्यवस्था मोडली. शाईच्या बाटल्या दुकानाच्या फळीवरून नाहीशा होत गेल्या. उरल्या त्या निळी, काळी आणि फार तर लाल. अलीकडच्या वर्षांत फाऊंटन पेनाची आवड पुन्हा वाढली आहे. कोलकात्याची 1934 साली स्वदेशीच्या भावनेतून निघालेली सुलेखा शाई मध्यंतरी बंद पडली होती, ती 2020 साली पुन्हा मिळू लागली. केरळातून, लिव्हरपूलहून, जपानहून रंगीत बाटल्या टपालाने येतात. पेन परत आले, शाईही आली. जी वस्तू परत आली नाही ती म्हणजे दुकानाचा तो टेबल, ज्यावर कागदाचा तुकडा ठेवून दोन ओळी लिहून पाहता येत. ग्राहक पाहतो ते चित्र काचेच्या पडद्यावरचे असते, आणि पडद्यावरचा निळा आणि कागदावरचा निळा यांचे नाते दूरचे असते.

या अडचणीवर निघालेला तोडगा म्हणजे नमुना. बाटलीतील दोन मिलिलिटर शाई स्वच्छ सिरिंजने काढून झाकणाच्या लहानशा कुपीत भरावयाची, वर नावाची चिठ्ठी लावावयाची आणि पाठवावयाची. फ्रान्समधील एर्बँ ही 1670 साली स्थापन झालेली पेढी आपल्या शाया दहा मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटल्यांतूनही विकते. त्याच्या पुढचे पाऊल वर्गणीचे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील गूले पेन कंपनीने ‘इंक ड्रॉप’ या नावाने अशी मासिक योजना चालविली होती. वर्गणीदाराला दरमहा पाच नमुने घरपोच मिळत आणि कोणते, हे दुकानाने ठरवावयाचे. लिव्हरपूलच्या डायमाइन या 1864 पासूनच्या कारखान्याने 2019 साली नाताळापूर्वीच्या दिवसांसाठी एक पेटीच काढली. तिच्यात पंचवीस कप्पे, रोज एक उघडावयाचा आणि आत निराळी शाई. आपल्याकडेही काही विक्रेते नमुने देतात, आणि पेनवेडे मित्र तर एकमेकांत वाटून घेतातच. पाच जणांनी पाच बाटल्या घ्याव्या आणि प्रत्येकाने चौघांना दोन दोन मिलिलिटर द्यावी, ही वर्गणीहून स्वस्त आणि अधिक आनंदाची भिशी होय.

येथे थोडा हिशेब करावा. नेहमीच्या कन्व्हर्टरमध्ये पाऊण ते एक मिलिलिटर शाई मावते. म्हणजे दोन मिलिलिटरचा नमुना दोन वेळा, फार तर तीन वेळा पेन भरण्यास पुरतो. पन्नास मिलिलिटरची बाटली पन्नासहून अधिक वेळा पुरेल. आठवड्याला एकदा पेन भरणाऱ्याला ती वर्षभर सोबत करणार. वर्षभराच्या सोबतीचा निर्णय रंगीत चौकोनावर घ्यावा की दोन वेळा लिहून, एवढाच प्रश्न आहे. मिलिलिटरमागे दर पाहिला तर नमुना बाटलीपेक्षा महाग पडतो हे खरे; परंतु न वापरलेल्या बाटलीचा दर कोणी काढत नाही. ड्रॉपरने भरावयाची जुन्या घडणीची एबोनाइटची पेने मात्र याला अपवाद आहेत. त्यांच्या पोटात दोन मिलिलिटर सहज जातात आणि तरी जागा उरते. अशा पेनात नमुना पाहू नये.

शायांत एवढा फरक का पडावा? पेनाची शाई म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात विरघळलेली रंगद्रव्ये, आणि प्रवाह नीट राहावा, बुरशी धरू नये म्हणून घातलेली अल्पशी औषधे. निबेखालच्या पट्टीला बारीक खाचा असतात. त्यांतून शाई केशाकर्षणाने निबेच्या चिरेपर्यंत येते आणि तेथून कागद तिला ओढून घेतो. एखादी शाई ओली, म्हणजे मोकळी वाहणारी असते. एखादी कोरडी, हात आखडता घेणारी असते. जाड वाहणाऱ्या निबेला कोरडी शाई मानवते, अडखळणाऱ्या निबेला ओली. म्हणून एका मित्राच्या पेनात उत्तम ठरलेली शाई दुसऱ्याच्या पेनात नादान ठरते, आणि दोघेही खरे बोलत असतात. काळ्या शाईचा एक थेंब टीपकागदावर टाकून कडेला पाणी सोडले, तर पुष्कळदा त्यातून निळा, तांबडा, पिवळा असे पट्टे अलग होतात. घरातील मुलांना हा प्रयोग अवश्य दाखवावा. काळा म्हणून जो एक रंग दिसतो, तो पुष्कळदा तिघांचा संसार असतो.

नमुना पाहण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळली पाहिजे. समजा, पलासियातील एका गृहस्थांकडे चार निळ्या शायांच्या कुप्या आल्या. कापसाच्या बोळ्याने कागदावर पट्टे ओढून त्यांनी निवड केली, तर ती फसण्याचा संभव मोठा. बोळा भरपूर शाई सोडतो आणि रंग गडद दिसतो. टाक बुडवून लिहिले तरी थोड्याफार प्रमाणात तेच होते. बारीक निबेतून तीच शाई फिकट उतरते. तेव्हा ज्या पेनाने रोज लिहावयाचे, तेच पेन धुऊन, कोरडे करून, त्यात शाई भरावी. कागदही रोजचा घ्यावा. परदेशी गुळगुळीत कागदावर ज्या शाईला मोरपिसाची झळाळी येते, ती शाई आपल्या बाजारच्या वहीत निमूट निळी दिसते, शिवाय अक्षराला मुळ्या फुटतात. वहीत पान उलटून पाहावे. मागे ठिपके उमटले असतील तर त्या वहीची एक बाजू गेली. ओळ लिहून पाच, दहा, वीस सेकंदांनी बोट फिरवावे, म्हणजे वाळण्याचा वेळ कळतो. डावखुऱ्या माणसाला हीच परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण त्याचा हात ओल्या अक्षरावरून जातो. पेन टोपण लावून दोन दिवस ठेवावे आणि पहिलाच अक्षरावयव उमटतो की नाही ते बघावे. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात निब लवकर सुकते आणि श्रावणात तीच शाई दमट कागदावर पसरते. म्हणून मे महिन्यात दिलेला निकाल ऑगस्टमध्ये एकदा तपासून पाहणे वावगे नव्हे.

परंतु रंग आणि प्रवाह यांहून मोठी गोष्ट टिकाऊपणाची आहे, आणि नेमकी तीच बहुतेक जण पाहत नाहीत. रॉयल ब्लू या नावाने मिळणारी शाई साधारणतः धुऊन निघणारी असते. मुलांच्या गणवेशासाठी तो गुणच आहे. पण त्याच शाईने आजोबांनी कुटुंबाची हकीकत लिहिली, पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली ती वही भिजली, तर उरतो तो निळसर डाग. ज्यांच्या घरी होळकरशाहीतील मोडी कागद आहेत त्यांना हा फरक चांगला ठाऊक असेल. काजळी आणि डिंक यांची ती जुनी शाई पाण्याने पुसटेल, परंतु काजळी हा कोळसाच असल्याने उन्हाने विटत नाही. मायफळ आणि हिराकस यांपासून होणाऱ्या लोहयुक्त शाईचा प्रकार आणखी निराळा. लिहिताना ती फिकी निळी दिसते, हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन काळी पडत जाते आणि कागदाच्या तंतूंना धरून बसते. इंग्लंडात जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या अशाच शाईने झाल्या. मात्र ती आम्ल असते. पेनात महिनोन् महिने ठेवून विसरावी अशी नव्हे. आणि चित्रकारांची काळी ‘ड्रॉइंग इंक’, जी दुकानात शेजारच्याच फळीवर असते, ती फाऊंटन पेनात कधीही घालू नये. ती वाळली की खाचा कायमच्या बुजतात.

ही परीक्षा दोन मिलिलिटरमध्ये पुरी होते. लिहिलेली ओळ एक दिवस वाळू द्यावी, मग तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडावे आणि मिनिटभराने टिपून घ्यावे. दुसरी ओळ अर्धी जाड कागदाखाली झाकून दक्षिणेकडच्या खिडकीत महिनाभर ठेवावी. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरला की चिठ्ठीवरच्या कोणत्याही वर्णनाची गरज उरत नाही. मृत्युपत्र, दैनंदिनी, लेकीला लिहिलेले पत्र यांसाठी निवडावयाची शाई या दोन ओळींवर निवडावी. बाजारच्या यादीला कोणतीही चालेल.

वर्गणीचा गुण असा की ती माणसाला त्याच्या सवयीबाहेर नेते. आयुष्यभर निळ्याने लिहिणाऱ्याच्या हाती शेवाळी हिरवी येते आणि ती त्याला आवडूनही जाते. दोष असा की कुप्या लिहिण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने येतात. महिन्याला पाच नमुने म्हणजे वर्षाला साठ. एवढे लिहिणारा मनुष्य आज विरळा. मग नमुन्यांचाच संग्रह होतो, कुप्यांतील पाणी उडून शाई दाट होते आणि दाट झालेल्या शाईवरून दिलेला निकाल त्या शाईवर अन्याय करणारा असतो. कुपी भरणाऱ्याची सिरिंज स्वच्छ नसेल तर बुरशीची साय येते. तशी कुपी वास घेऊन सरळ टाकून द्यावी. उरलेले थेंब एकत्र करून नवा रंग साधण्याचा मोहही आवरावा. काही शाया आम्ल, काही अल्कधर्मी; त्या भेटल्या की तळाशी गाळ बसतो, आणि तो गाळ पेनातून काढताना सगळी हौस फिटते. तेव्हा दोन-तीन महिने वर्गणी भरावी, मनाजोगती शाई सापडली की ती थांबवावी आणि तिची बाटली आणावी. विक्रेत्यालाही यात तोटा नाही.

दोन नमुन्यांच्या मध्ये पेन धुणे हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. नर्मदेचे पाणी 1978 साली इंदुरात आले, तरी अनेक घरांत आजही बोअरचे पाणी वापरात असते, आणि काळ्या दगडातून आलेल्या जड पाण्याने पेनात पांढरा थर धरू शकतो. धुण्यासाठी साधे नळाचे पाणी चालेल. शेवटचे दोन हात मात्र बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याचे द्यावे. पाणी स्वच्छ निघेपर्यंत कन्व्हर्टर भरावा आणि रिकामा करावा, मग निब खाली करून पेन टीपकागदावर रात्रभर ठेवावे. निवडलेल्या शाईची बाटली आली की चिठ्ठीवर ती उघडल्याची तारीख लिहावी आणि बाटली खोक्यासह अंधारात ठेवावी. ती चिठ्ठी लिहावयास पेन्सिल बरी.